फुकट घ्या, पण नावासकट

पत्र : वय 26. मूळचा परभणी जिल्ह्यातला, सध्या चाकणला एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, ऑपरेटर. बरोबरच्या एका मित्राने पेनड्राइव्ह दिला. त्यात ‘एक्सपेरिमेंटल’ नावाचं फोल्डर, आत तीनशेच्या वर फाइली. नावं नुसती ट्रॅक 01, ट्रॅक 02. बरंचसं डोक्यावरून गेलं. पण ट्रॅक 14 मध्ये आधी चावीच्या खेळण्यासारखी धून वाजते, मग एक लहान मुलगी ‘आख्तुंग’ म्हणते आणि परक्या भाषेत आकडे वाचत सुटते. मागे रेडिओची खरखर. रात्रपाळी करून आल्यावर ऐकलं, अंगावर काटा आला, आणि परत लावलं. रूम पार्टनर म्हणतो हे संगीतच नाही, डोक्यावर परिणाम होईल. मला मात्र असलं आणखी हवंय. आत्ता पैसे घालायची ऐपत नाही, दिवसाला दीड जीबी नेट आहे. पण चोरीचं नको. मोफत आणि कायदेशीर असं खरंच काही असतं का? इंग्रजी जेमतेम वाचता येतं. आणि या साइट्स ईमेल मागतात, तो द्यावा का?
– ट्रॅक 14 वाला, चाकण

उत्तर : तुमच्या रूम पार्टनरचं निम्मं बरोबर आहे. ट्रॅक 14 हे संगीत नाहीच. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ या संचातला तुकडा आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. त्या संचात त्याचं नाव ‘स्वीडिश ऱ्हॅप्सडी’ असं आहे, आणि मुलगी बोलते ती भाषा जर्मन.

शीतयुद्धाच्या काळात शॉर्टवेव्ह रेडिओवर अशी काही स्टेशनं लागायची, ज्यांना ना नाव ना गाव. ठरलेल्या वेळी एखादी धून वाजायची, मग कोणीतरी निर्विकार आवाजात आकड्यांचे गट वाचून दाखवायचं आणि स्टेशन गप्प व्हायचं. हा हेरांना धाडलेला निरोप. ज्याच्यासाठी तो असे त्याच्याकडे आकडे उलगडायची वही असायची, तिचं प्रत्येक पान एकदाच वापरायचं आणि नष्ट करायचं. वही नसेल तर भलाभला संगणकसुद्धा तो निरोप फोडू शकत नाही. ट्रान्झिस्टर कुठेही मिळतो आणि कोण ऐकतंय याचा मागही राहत नाही, म्हणून ही पद्धत इतकी वर्षं टिकली. हौशी रेडिओवाल्यांनी ही प्रक्षेपणं टेप करून ठेवली होती. लंडनच्या इर्डियल-डिस्क्स या छोट्याशा कंपनीने ती जमवली आणि 1997 मध्ये चार सीडींचा हा संच काढला.

आता खरी गोष्ट ऐका. हा अख्खा संच इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर फुकट उतरवून घेता येतो, आणि तो मोफत वाटायचा हा निर्णय खुद्द इर्डियलचा. म्हणजे चोरीचा माल म्हणून तुम्ही धास्तावून ऐकत होतात, तो चोरायची कोणाला गरजच नव्हती. मित्राने तुम्हाला गाणी दिली, त्यांची नावं तेवढी दिली नाहीत. फाइलीवर नाव असतं तर पहिल्याच रात्री तुम्ही त्या संचापर्यंत पोचला असता. तिथून शॉर्टवेव्हच्या खरखरीवर काम करणारे इतर लोक सापडले असते, त्यांच्यापासून आणखी कोणी. तीनशे फाइली हातात असून तुम्ही ट्रॅक 14 वर अडकून पडलात, कारण तिथून पुढे रस्ताच नव्हता.

म्हणून कायदेशीर घ्या हे मी नुसतं सज्जनपणाचा उपदेश म्हणून सांगत नाही. आपण होऊन मोफत देणारा माणूस आपलं नाव लावतो, साल टाकतो, कोणी काय वाजवलं ते लिहितो, आपल्यासारखेच आणखी कोण आहेत त्यांचे दुवे देतो. असलं संगीत रेडिओवर लागत नाही, त्याला जाहिरात नाही, गावात दुकान नाही. ही चार ओळींची माहितीच तुमचं बोट धरून पुढे नेणार. चोरीच्या फोल्डरात पहिली उडते ती नेमकी हीच.

मोफत दिलं म्हणजे वाट्टेल ते करा असं मात्र नव्हे. अमेरिकेतल्या विल्को या बँडने 2002 साली आलेल्या अल्बममध्ये याच संचातला एका बाईचा आवाज वापरला. ती ‘यँकी… हॉटेल… फॉक्सट्रॉट’ एवढंच म्हणत राहते. अल्बमचं नावही तेच ठेवलं. इर्डियलला कोणी विचारलं नव्हतं. इर्डियलने दावा लावला, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि विल्कोच्या बाजूला पैसे मोजावे लागले. जी कंपनी घरोघरी फुकट ऐका म्हणते, तीच विकायला वापरलंत तर दारात उभी राहते. यात मला काही विसंगत वाटत नाही.

या अटी कुठे लिहिलेल्या असतात ते आता बघू. तुमच्या ‘कायदेशीर का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. डिसेंबर 2002 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने निघाले. कलाकाराने वकील गाठण्याऐवजी त्यातला एक निवडून पानावर लावायचा. ‘सीसी’ या अक्षरांपुढे आणखी अक्षरं असतात. ‘बीवाय’ म्हणजे माझं नाव घ्या. ‘एनसी’ म्हणजे यावर धंदा करू नका. ‘एनडी’ म्हणजे कापाकापी नको, आहे तसं ठेवा. ‘एसए’ म्हणजे यातून नवं काही केलंत तर तेही याच अटींवर लोकांना द्या. यातलं कुठलंही असलं तरी उतरवून ऐकायला आणि फुकटात मित्राला द्यायला मोकळीक असते. पुढच्या वेळी मित्राला पेनड्राइव्ह भरून देताना छातीठोक द्या, फक्त फाइलींची नावं शाबूत ठेवा. जेमतेम इंग्रजीत एवढी अक्षरं ओळखता आली तरी पुष्कळ झालं.

सुरुवात इंटरनेट आर्काइव्हपासूनच करा. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं हे जगाचं ग्रंथालय आहे. ऑडिओच्या दालनात ‘नेटलेबल्स’ नावाचा कप्पा आहे, तिथे जा. नेटलेबल म्हणजे सीडी-कॅसेट न काढता थेट नेटवरच, बहुधा मोफत, संगीत प्रसिद्ध करणारी घरगुती कंपनी. माणसं एक-दोन, भांडवल शून्य, हौस अफाट. ही मंडळी बरीचशी अमिगा या जुन्या घरगुती संगणकावर चिमुकल्या फाइलींत संगीत बांधणाऱ्या पोरांमधून आली. सायमन कार्लेस यांचं मोनोटोनिक हे 1996 चं, या जातीतलं अगदी जुनं नाव. पोर्तुगालचं एनफ रेकॉर्ड्स, रशियाचं क्लिनिकल आर्काइव्ह्ज अशी कितीतरी. यातली काही केव्हाच थांबली, पण त्यांचा माल तिथे जसाच्या तसा आहे. तुमची आवड पाहता क्लिनिकल आर्काइव्ह्ज आधी चाळा. त्यांच्याकडे शुद्ध विचित्रपणाला तोटा नाही. सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. मोफत वाटणाऱ्यांना ‘हे नको’ म्हणणारा संपादक क्वचितच असतो, त्यामुळे कोंडाही भरपूर.

एक अल्बम उघडलात की पानावर काय बघायचं? वर प्लेअर असतो, तो आधी चालवा, एक तुकडा तिथल्या तिथे ऐका. खाली कलाकार, लेबल, तारीख, आणि बहुतेक वेळा लेबलचा अनुक्रमांक. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. एका लेबलचा 40 आवडला तर 39 आणि 41 उघडून पाहायचे, कारण निवडणारा माणूस तोच असतो. शोधायची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणणाऱ्या ॲपपेक्षा ती बरी, कारण ॲप कालच्यासारखंच आजही ऐकवतं. त्याच पानावर परवान्याचा उल्लेख असतो. बाजूला डाउनलोडचे पर्याय : ‘व्हीबीआर एमपी3’, ‘फ्लॅक’ वगैरे. तुम्ही एमपी3 घ्या. चांगल्यातला चांगला, सेकंदाला 320 किलोबिटचा एमपी3 मिनिटाला साधारण 2.4 एमबी खातो, म्हणजे तासाला दीडशेच्या आत. तुमच्या दीड जीबीत दहा तास बसतात. फ्लॅकमध्ये आवाजाचा काहीच भाग गाळत नाहीत, पण तो दुपटीहून मोठा होतो, आणि फोनला लावलेल्या साध्या इअरफोनवर फरक कळेल अशी माझी तरी समजूत नाही.

सावध राहायचं ते इतकंच, की इंटरनेट आर्काइव्हवर कोणीही काहीही चढवू शकतो. तिथे आहे म्हणजे कायदेशीर, असं समजू नका. नेटलेबल्सच्या कप्प्यात लेबलं आपला माल आपण ठेवतात, म्हणून तो भरवशाचा. बाहेर कुठे एखाद्या नामांकित कलाकाराची सगळी कारकीर्द एकाच झिपमध्ये आणि परवान्याची जागा रिकामी दिसली, तर ते तुमच्या पेनड्राइव्हचंच भावंड.

दुसरी जागा फ्री म्युझिक आर्काइव्ह. न्यू जर्सीत डब्ल्यूएफएमयू नावाचं एक रेडिओ स्टेशन आहे. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं आणि निवेदकाला जे वाटेल ते लावायची मुभा असते. त्यांनी 2009 मध्ये हे सुरू केलं. 2018 मध्ये बंद पडायची पाळी आली होती. पुढच्या वर्षी ट्राइब ऑफ नॉइज या डच कंपनीने ते चालवायला घेतलं. इथे प्रकारानुसार यादी आहे, ‘एक्सपेरिमेंटल’च्या आत ड्रोन (एकच लांबवलेला सूर), नॉइज (नुसता गोंगाट), फील्ड रेकॉर्डिंग असे पोटविभाग. नॉइजपासून सुरुवात करू नका, रूम पार्टनरशी भांडण होईल. फील्ड रेकॉर्डिंग म्हणजे जागेचे आवाज, कुठे बंदर, कुठे जंगल, कुठे कारखाना. तिथे जरा थांबा, कारण यावरून मला तुमच्या पत्रातलं एक जाणवलं. दिवसाचे आठ तास तुम्ही प्रेसच्या ठोक्यात काढता आणि घरी येऊन खरखर ऐकता, याचं रूम पार्टनरला नवल वाटतं. मला वाटत नाही. 1948 मध्ये पॅरिसला फ्रेंच रेडिओतले इंजिनिअर पिएर शेफर बातिन्योल स्टेशनात गेले, वाफेच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि ते तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून, जोडून जेमतेम तीन मिनिटांची एक रचना केली. रुळांचा ठेका, शिट्टी, धापा, बस. वाद्य एकही नाही. जगभरच्या ध्वनिप्रयोगांची एक मोठी वाट तिथून फुटली. ती रचना मोफत वाटपात नाही, पण हे घराणं कोणाचं आहे ते ठाऊक असावं.

तिसरी जागा बँडकॅम्प. 2008 पासूनची ही साइट दुकान आहे, पण किंमत कलाकार ठरवतो. पुष्कळ जण ‘नेम युवर प्राइस’ ठेवतात, म्हणजे तुम्हाला वाटेल ते द्या. किमान रक्कम लिहिलेली नसेल तर चौकटीत शून्य टाका, डाउनलोड होतं. यात लाज वाटायचं कारण नाही. कलाकाराला नको असतं तर त्याने किमान रक्कम टाकली असती. इथे मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना बहुतेक वेळा नसतो. तुम्ही ऐकायला घेतलंत, एवढीच परवानगी. पुढे वाटायची नाही. आणि बोनस झाला की एखादा अल्बम विकत घ्या. डिजिटल विक्रीतला साधारण 15 टक्के हिस्सा साइट ठेवते, म्हणजे तुमच्या शंभर रुपयांतले बरेचसे खरोखर त्या माणसाला पोचतात.

नाव माहीत असलेल्या मोठ्या माणसाचं काही हवं असेल तर नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडचा ‘घोस्ट्स 1–4’ बघा. मार्च 2008 मध्ये बँडचा प्रमुख ट्रेंट रेझ्नरने 36 तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्सखाली काढले, पहिले नऊ स्वतःच फुकट दिले. शब्द नाहीत, इंग्रजीची अडचण नाही. रात्रपाळीनंतर झोप येईपर्यंत ऐकायला याच्याइतकं योग्य फार थोडं.

गोव्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत, पण कोणीतरी काढेलच. नव्वदच्या दशकात हणजुणच्या किनाऱ्यावर जे ट्रान्स, म्हणजे रात्रभर नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजायचं, त्याच्या पुढच्या पिढ्यांचे शेकडो अल्बम एक्टोप्लाझम या कॅनेडियन साइटवर कलाकारांच्या परवानगीने मोफत आहेत. मला स्वतःला दोन तुकड्यांनंतर ते सगळं एकच वाटायला लागतं. आवडणारे रात्रभर नाचतात, तेव्हा दोष माझ्या पायांचा असेल.

आता काय घेऊ नये. यूट्यूबची लिंक टाकून एमपी3 काढून देणाऱ्या साइट्स : परवानगी नाही, वर जाहिरातींच्या आडून काय फोनमध्ये शिरेल सांगता येत नाही. आणि उबूवेब. केनेथ गोल्डस्मिथ यांनी 1996 मध्ये सुरू केलेला हा प्रयोगशील कलेचा खजिना अफलातून आहे. पण बहुतेक गोष्टी कोणाची परवानगी न घेता ठेवल्या आहेत, हे ते स्वतःच उघडपणे सांगतात. तुम्ही चोरीचं नको म्हणालात, म्हणून तुमच्या यादीत तो बसत नाही. त्याचा मान ठेवूनच हे लिहितोय.

रूम पार्टनरने ‘हे आपलं नाही’ असा सूर लावला तर त्याला चरणजित सिंग यांचं नाव सांगा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. 1982 मध्ये मुंबईत त्यांनी रोलंडची टीबी-303 आणि टीआर-808 ही सूर आणि ठेका काढणारी जपानी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, कोणी फारसं विचारलं नाही. याच 303 च्या चिरचिऱ्या आवाजावर शिकागोत ‘ॲसिड हाउस’ हे नाचायचं संगीत उभं राहिलं ते 1987 च्या सुमाराला. 2010 मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी तोंडात बोटं घातली. ती मोफत नाही, बोनसच्या यादीत ठेवा. त्याच्याही आधी, 1969 मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, बसवला होता. गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी तिथे केलेल्या टेप इतक्या वर्षांनी, 2023 मध्ये बाहेर आल्या.

उतरवून किती घ्यायचं? आठवड्याला एक अल्बम. हे मी नेटपॅककडे बघून म्हणत नाहीये. तीनशे फाइलींनी तुमचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. एक अल्बम घ्या, तीन-चारदा ऐका, आवडला नाही तर काढून टाका. पहिल्यांदा कंटाळवाणा वाटलेला वीस मिनिटांचा ड्रोन तिसऱ्यांदा वेगळा लागतो, असं पुष्कळदा होतं. पुष्कळदा होतही नाही. तेव्हा आपल्याला कळत नाही असं मानून कुढू नका, तो खरंच कंटाळवाणा असू शकतो.

प्रेसशॉपमध्ये, मशीनवर असताना इअरफोन घालू नका. भोंगा, आरडाओरडा, फोर्कलिफ्ट, यातलं काही ऐकू न येणं कितीला पडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे कंपनीने दिलेले इअरप्लग. आणि सुटल्यावर लगेच मोठ्याने ऐकू नका. गोंगाटातून बाहेर आल्यावर कान काही वेळ बधिर असतात, म्हणून आवाज कमी वाटतो आणि हात आपोआप वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे, आणि प्रेसजवळ तुमचा तो कोटा कधीच संपलेला असतो. आधी आंघोळ, जेवण, मग ट्रॅक. तोही हळू आवाजात.

पुढेमागे स्वतः काही करावंसं वाटलं तर बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाचं फ्रीसाउंड बघा. 2005 पासून लोक तिथे सुटे आवाज ठेवतात : दार, पाऊस, ट्रान्सफॉर्मर. तुम्हीही ठेवू शकता. प्रेसचा आवाज मात्र साहेबांना विचारल्याशिवाय टेप करू नका, बहुतेक कंपन्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल काढायलाच बंदी असते. गावाकडचं पिठाच्या गिरणीचं इंजिन चालेल.

राहिला ईमेल. द्या, पण बँकेचा आणि पीएफचा जो आहे तो नको. गाण्यांसाठी एक वेगळा उघडा. त्यावर लेबलांची नव्या अल्बमची पत्रं येत राहतील, इंग्रजीतच. कलाकाराचं नाव आणि लेबलचा क्रमांक बघा, नवा वाटला तर उघडा, बाकीची वाचायच्या भानगडीत न पडता उडवा.